अर्ध्या चंद्राची गाठ

ह्यांना बढती मिळावी म्हणून मी एकदा नवस बोलले होते. नवस साधाच होता. बढती मिळेपर्यंत उशी घेऊन झोपायचं नाही. आणि माझ्या आईची एक रीत होती, ज्या कामासाठी नवस त्या कामातली एखादी बारीकशी वस्तू कापडात बांधून देवाजवळ ठेवायची. म्हणून मी ह्यांच्या मुलाखतीच्या कोटाचं मधलं बटण काढून बांधलं. मुलाखतभर हे कोट पोटाशी आवळून बसले. साहेबांनी काळजीनं विचारलं, पोटात दुखतंय का? ह्यांनी भिडेपोटी "थोडंसं" म्हटलं. बढती शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना मिळाली. त्यांचं पोट ठणठणीत होतं.

आता हे निवृत्त होऊनसुद्धा बरेच दिवस झाले, पण मी ती गाठ सोडलेली नाही. देवाघरी देर असते, अंधेर नसतो. कार्यालयाला कधी ना कधी आपली चूक कळेल. (तोवर माझी मान उजवीकडे वळत नाही, पण उजवीकडे बघण्यासारखं तरी काय असतं म्हणा.)

गाठीचा नियम एकच. काम झाल्याशिवाय गाठ सोडायची नाही. सोडली की नवसही सुटला आणि काम कायमचं अडकलं. मी हा नियम कधी मोडला नाही, त्यामुळे माझ्या देवाच्या कोनाड्यात बरीच गाठोडी जमली आहेत. आमची लेक त्याला 'प्रलंबित प्रकरणं' म्हणते. जिभेनं ती वडिलांवर गेली आहे, आणि वडील कुणावर गेले ते मी सांगणार नाही, कारण सासूबाई हे वाचतील.

तर ही गोष्ट मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या मोटारसायकलची.

ती मोटारसायकल ह्या घरात माझ्या आधी आली आणि तिचा मान माझ्यापेक्षा मोठा. तिला पुसायला वेगळं मऊ कापड होतं. ह्यांना आणि भावजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, तिला हात लावायची मुभा नव्हती. फक्त पुसताना कापड धरून उभं राहायचं. शेवटच्या आजारपणाआधी मामंजींनी तिचं इंजिन उघडलं होतं. जोडायचं राहून गेलं. ते सुटं इंजिन एका पत्र्याच्या पेटीत जिन्याखाली, आणि बाकीची गाडी मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली, अशी दोघांची ताटातूट होऊन वर्षं लोटली.

भावजी जागांच्या खरेदीविक्रीचा धंदा करतात. त्यामुळे कुठलीही वस्तू दिसली की त्यांना आधी तिच्याखालची जागा दिसते. एक दिवस ते चहाला आले आणि म्हणाले, शेडमध्ये माझी दुसरी कार मावेल, ते भंगार तेवढं काढून टाकू, माणूस माझ्या ओळखीचा आहे.

हे खिडकीशी बसले होते. निवृत्त झाल्यापासून ह्यांचा मुक्काम तिथेच असे. समोरच्या रस्त्यावरून कोण कुठे चाललं आहे आणि त्यानं खरं तर कुठून जायला हवं होतं, ह्याची ते मनातल्या मनात नोंद ठेवत. घरात बोलणं जवळजवळ बंदच झालं होतं. ते हे, मान न वळवता म्हणाले, "भंगार नाहीये ते. चालू गाडी आहे."

"चालू?" भावजींनी विचारलं.

"चालू होणार आहे."

"कोण करणार?"

"मी."

भावजी इतके हसले की त्यांच्या बशीतला चहा माझ्या चादरीवर आला. तेव्हा आतल्या खोलीतून सासूबाईंनी निकाल दिला. सासूबाई बाहेर क्वचितच येतात, पण त्यांचे निकाल रोज येतात. महिनाअखेरच्या रविवारी, जेवायची ताटं वाढायच्या आत, थोरल्यानं गाडीचा आवाज ऐकवला तर गाडी घरात राहील आणि शेडही तिचीच. नाही ऐकवला तर धाकट्यानं न्यावी. मग कुणी माझ्यापाशी रडत यायचं नाही.

आता ह्यांची तयारी किती, ते सांगते. हे आयुष्यभर नियमांचा अर्थ लावायच्या टेबलावर होते. कुठलाही नियम पुढे ठेवा, त्यातून वाट आहे की नाही हे ते चष्मा पुसेपर्यंत सांगत. पण घरातला बल्ब त्यांनी कधी बदललेला मी पाहिला नाही. मी हे नुसतं डोळ्यांनी विचारलं, तर म्हणाले, "अगं, उघडायचं अवघड काम बाबांनी करून ठेवलंय. आता जोडायचं म्हणजे काय, तेच उलटं."

दुसऱ्या दिवशी पेटी वर आली आणि इंजिन जेवणाच्या टेबलावर स्थानापन्न झालं. खाली शेडमध्ये उजेड कमी, असं कारण सांगण्यात आलं. (खरं कारण असं की खाली चहा पोचत नाही.) इंजिन हलू नये म्हणून ह्यांनी टेबलाला चार भोकं पाडून ते बोल्टांनी आवळून टाकलं. माझ्या माहेरच्या टेबलाला. आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवू लागलो. पिस्टन दुधाच्या पातेल्यात, व्हॉल्व्ह चमच्यांच्या डब्यात आणि पिस्टनच्या रिंगा माझ्या चहाच्या गाळणीत रॉकेल निथळत पडल्या. एकदा भाजीत वॉशर निघाला. ह्यांनी तो चोखून स्वच्छ केला आणि "हाच शोधत होतो" म्हणाले. भाजी कशी झाली होती ते आजतागायत कळलेलं नाही.

पण एक सांगते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते आणि बाहेर कुणीतरी गुणगुणत होतं. मला वाटलं रेडिओ. बघते तर हे. नाकाला काळं लागलेलं, एका हातात पिस्टन, दुसऱ्या हातात माझं भांडी घासायचं काथ्याचं वळं, आणि हे गात होते. खिडकीतली खुर्ची रिकामी होती. त्या क्षणी मी ठरवलं, हे इंजिन चालू झालंच पाहिजे. नाहीतर रविवारी भंगारवाला गाडी नेईल आणि सोमवारी माझा नवरा पुन्हा खिडकीत जाऊन बसेल.

मी नवस बोलले. इंजिन चालू होईपर्यंत साखर बंद.

आता बांधायला त्या कामातलं काहीतरी हवं. कोटाच्या बटणाचा अनुभव गाठीशी होता, म्हणून ह्या वेळी मी चोरून काही घ्यायचं नाही असं ठरवलं. ह्यांच्या पाठीशी जाऊन रीतसर विचारलं. "अहो, यातलं एखादं बारीकसं, नको असलेलं काही आहे का? देवाजवळ ठेवायला."

हे रिंग बसवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "त्या झाकणात बघ. फुटकळ आहे सगळं. घे काय हवं ते."

झाकणात नट होते, वॉशर होते, आणि त्यात एक इवलीशी लोखंडी वस्तू होती. नखाएवढी, बरोबर अर्ध्या चंद्राच्या आकाराची. तिला ना भोक, ना आटे. कशात अडकवायची सोयच नव्हती, म्हणजे शोभेचीच असणार. आणि रूप तर इतकं देखणं की ती कारखान्यात नव्हे, कोनाड्यातच जन्मली असावी असं वाटावं. मी ती दाखवून विचारलं, ही घेऊ? हे म्हणाले, "घे."

वर बघितलं नाही, हे मी पुन्हा सांगते. पुढे ह्या मुद्द्यावर बराच वाद झाला.

मी तो अर्धा चंद्र उशीच्या जुन्या अभ्र्याच्या तुकड्यात बांधला, गाठ मारली, देवाजवळ ठेवला आणि बिनसाखरेचा चहा प्यायले. मन कसं हलकं झालं. बाकी काही हलकं झालं नाही, कारण चहाबरोबर बिस्किटं दुप्पट जात होती. (बिस्किटातली साखर आपली नव्हे, ती बिस्किटवाल्याची.)

इकडे जोडणी पुढे सरकत होती. पिस्टन एकदा उलटा बसला, एकदा सुलटा बसला, आणि एकदा बसलाच नाही, हेच त्याच्यापुढे बसून राहिले. मॅग्नेट म्हणजे इंजिनाच्या दांड्यावर बसणारं जडसं चाक, त्यातून ठिणगी निघते. ते चाक चढवताना लेक तिथे उभी होती. तिनं विचारलं, "बाबा, ह्या दांड्याला ही अर्धगोल खाच कशाला आहे? रिकामीच दिसतेय."

"हवा खेळती राहायला," हे म्हणाले. "जुने कारागीर फार विचार करायचे."

लेक इंजिनिअरिंगला नाही, ती भाषेचा अभ्यास करते. तिनं मान डोलावली आणि निघून गेली. मीही मान डोलावली. आमच्या घरात मान डोलावणाऱ्यांची कधी कमतरता नव्हती.

चालू करायची पद्धत अशी ठरली की त्या चाकाला दोरी गुंडाळायची आणि भोवऱ्यासारखी ओढायची. दोरी माझी, कपडे वाळत घालायची. पेट्रोलसाठी एक बाटली लेकीच्या टेबललॅम्पच्या दांड्याला उलटी बांधली आणि लॅम्प टेबलाला. धूर बाहेर जायला एक वाकडा पाइप इंजिनाला लावून त्याचं तोंड खिडकीकडे केलं. हे दोरी धरून उभे राहिले, माझ्याकडे पाहिलं, मी डोळे मिटले. ह्यांनी ओढली.

इंजिन म्हणालं, फट्. आणि चालू व्हायच्या ऐवजी त्यानं दोरी परत खेचली. दोरीबरोबर हे गेले. टेबलावरून पलीकडे जाऊन सोफ्यावर ज्या बेतानं पडले, तो बेत ठरवून जमला नसता. कार्बोरेटरमधून निळी ज्योत आली आणि ह्यांची डावी भुवई घेऊन गेली.

"जवळ आलंय," हे सोफ्यावरून म्हणाले.

त्यानंतर रोज तेच. दोरी, फट्, सोफा. दोषाचं मूळ मात्र रोज वेगळं निघे. पेट्रोल पातळ आहे. हवा दमट आहे. प्लग विकणारा माणूस डोळ्याला डोळा भिडवत नव्हता. सासूबाई आत जप करतात त्याची कंपनं येतात. भांडी घासणाऱ्या बाईंनी काहीतरी हलवलं, असंही एकदा निघालं. बाईंनी शांतपणे हात पुसले आणि म्हणाल्या, तेव्हा दुधाच्या पातेल्यातून तो लोखंडी डबा मी उचलायचा होता की दूध त्याच्याभोवतीच तापवायचं होतं, हे आधी सांगा. त्या दिवसापासून त्यांचं नाव संशयितांतून वगळलं.

मी माझ्या बाजूनं कमी पडत नव्हते. साखर सोडून भागेना तेव्हा बिस्किटंही सोडली. मग दुपारची झोप सोडली. तरी फट्. मग मला वाटलं, कापडाची गाठ सैल झाली असेल. म्हणून मी तिच्यावर आणखी एक गाठ मारली. दुसऱ्या दिवशी आणखी एक. हे बाहेर अर्ध्या चंद्राशिवाय दोरी ओढत होते आणि मी आत तोच अर्धा चंद्र जास्त जास्त घट्ट बांधत होते. तुमच्या हे केव्हाच लक्षात आलं असेल. पण तुमची साखर चालू होती, माझी बंद होती.

रविवार उजाडला. भावजी पांढराशुभ्र शर्ट घालून आले. भंगारवाल्याची हातगाडी त्यांनी फाटकाशीच उभी करवली होती. तिचं एक चाक आमच्या कुंडीवर चढवलं होतं, म्हणजे खिडकीतून दिसावी. भावजी खुर्ची ओढून टेबलाजवळ बसले, एका भुवईच्या माझ्या नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दादा, दुसरी पण काढून टाक. जोडी तरी जमेल."

ह्यांनी दोरी ओढली. फट्. पुन्हा ओढली. फट्. सोफ्याच्या स्प्रिंगा आता ह्यांना नावानं ओळखत होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पुटपुटत होते. भात झाला होता, भाजी झाली होती, ताटं वाढायची तेवढी मी लांबवत होते. भावजींनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि एकदा माझ्याकडे. "वहिनी, भूक लागलीये," म्हणाले.

शेवटी हे दोरी हातातच धरून सोफ्यावर बसून राहिले. उठले नाहीत. मान आपोआप खिडकीकडे वळली.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. काठी टेकत टेबलापाशी गेल्या, इंजिनाकडे असं पाहिलं जसं आपण जुन्या भांडखोर शेजाऱ्याकडे पाहतो, आणि ह्यांना विचारलं, "चंद्र बसवलास का रे?"

"कसला चंद्र?"

"अरे, ह्या चाकाच्या आत एक लोखंडाचा अर्धा चंद्र असायचा. दांड्याच्या खाचेत अर्धा, चाकाच्या खाचेत अर्धा. तो नसला की चाक जागेवर राहत नाही, ठिणगी भलत्या वेळी पडते आणि ही बया लाथ मारते. तुझे वडील दर वेळी तो पाडायचे आणि मग मी केरसुणी घेऊन बसायची शोधायला. आयुष्यभर इंजिन त्यांनी उघडलं आणि केर मी काढला."

हे चाकाकडे बघत राहिले. लेक वडिलांकडे बघत राहिली. "हवा खेळती राहायला," ती हळूच म्हणाली.

आणि मी? मी भिंत धरली.

पुढचं मला नीट आठवत नाही, पण मी "आई, देवाजवळ..." एवढंच म्हटलं आणि भावजींना वाटलं मी मामंजींबद्दल बोलते आहे. त्यांनी मान खाली घातली. मग मी कोनाड्यातून गाठोडं आणून दाखवलं. हे तीरासारखे उठले. "अगं, सोड ती गाठ."

मी गाठोडं छातीशी धरलं. "सोडता येणार नाही."

"का?"

"इंजिन चालू झाल्याशिवाय गाठ सोडायची नाही, असा नवस आहे."

"गाठ सोडल्याशिवाय इंजिन चालू होणार नाही."

"आणि सोडली तर नवस मोडेल, मग कधीच चालू होणार नाही."

दोघांचंही बरोबर होतं, हीच पंचाईत. भावजी खुशीत येऊन म्हणाले, वहिनी, देवाच्या कामात आपण पडू नये, मी त्या माणसाला वर बोलावतो. लेक म्हणाली, आई, देव इतका काटेकोर नसतो. मी म्हटलं, बाळा, बटण चोरून घेतलं तेव्हा मीही तेच धरून चालले होते. माझ्या बोटांना तो चंद्र कापडातून लागत होता. एकीकडे माझ्या आईचा शब्द, दुसरीकडे दोरी धरून उभा असलेला, भुवई गेलेला माझा नवरा. माझे डोळे भरून आले. नवस मोडायचा, असं मी मनाशी म्हटलं आणि गाठीला नख लावलं.

"थांब," हे म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. निवृत्त झाल्यापासून मी त्यांना असा चष्मा पुसताना पाहिलं नव्हतं.

"नियम नक्की काय आहे? तुझ्या आईचे शब्द जसेच्या तसे सांग."

"काम होईपर्यंत गाठ सोडायची नाही."

"गाठ सोडायची नाही. ठीक. वस्तू बाहेर काढायची नाही, असं म्हटलंय?"

"नाही."

"कापडाबद्दल काही तरतूद?"

"कापडाबद्दल आई कधी बोलली नाही."

ह्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मग गाठ कायम ठेवून कापडाला खालून कात्री लावायला कसलीही हरकत दिसत नाही."

सासूबाईंच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं. मला तर त्या क्षणी ह्यांच्या जागी एखादा न्यायाधीश दिसला. पन्नास इंजिनं जोडणारा नवरा मिळेल, पण असा मिळणार नाही. लेकीनं कात्री आणली, मी गाठ दोन बोटांत उंच धरली आणि ह्यांनी खालून कापड कापलं. अर्धा चंद्र टणकन टेबलावर पडला. तीन गाठींचा गुच्छ माझ्या हातात जसाच्या तसा राहिला.

चाक उतरलं, चंद्र खाचेत बसला, चाक पुन्हा चढलं. वेळ काढायला मी आत जाऊन ताटं मुद्दाम पुन्हा धुवायला घेतली. बाहेर ह्यांनी दोरी ओढली.

फट् झालं नाही. इंजिन आधी खाकरलं, मग त्यानं घसा साफ केला, आणि मग ते जे सुरू झालं, ते घराच्या भिंतींनाही कळलं. कपाटातली भांडी बोलू लागली. मी ओल्या हातांनी बाहेर धावले. हे दोन्ही हात वर करून उभे होते. सासूबाई काठीवर हनुवटी टेकून डोळे मिटून उभ्या. त्यांचे ओठ हलले, म्हणून मी कान जवळ नेला.

"हाच," त्या म्हणत होत्या. "कोपऱ्यावर हा आवाज आला की मी चहाला आधण ठेवायची."

गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला त्रास दिला नसता.

थोड्या वेळानं लेक ओरडून म्हणाली, बाबा, आता बंद करा. हे ओरडून म्हणाले, बंद करायचं बटण हँडलवर असतं. आणि हँडल? हँडल खाली, शेडमध्ये, ताडपत्रीखाली. प्लगची वायर ओढा, असं भावजींनी सुचवलं. ह्यांनी हात घातला आणि वायरीनं त्यांना सोफ्यावर पोचवलं. वाटेची सवय होतीच.

मग टेबल चालू लागलं. खरंच सांगते, माझ्या माहेरचं चार पायांचं टेबल इंजिन, लॅम्प आणि पेट्रोलच्या बाटलीसकट थरथरत निघालं. आधी खिडकीपासून वळलं. त्याबरोबर धुराच्या पाइपचं तोंडही वळलं. भावजी खुर्चीतून उठेपर्यंत टेबलानं त्यांना कपाट आणि भिंत ह्यांच्या बेचक्यात गाठलं, आणि पाइप बरोबर त्यांच्या शर्टासमोर आला. पांढराशुभ्र शर्ट छातीपासून काळा होत गेला. आमच्या सगळ्यांत कमी बोलणारा तो पाइप, पण त्या दिवशी आमच्या मनातलं सगळं तोच बोलला.

"दादा," भावजी खोकत म्हणाले, "गाडी तुझी. शेड तुझी. फक्त हे बंद कर."

हे बंद करू शकत नव्हते. कुणीच करू शकत नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, चूक माझीच. मी नवसात 'चालू होऊ दे' म्हटलं होतं. बंद होण्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. देवानं सांगितलं तेवढंच केलं, तोही नियमानं चालणारा.

मी कोनाड्याकडे तोंड करून हात जोडले. सोडायला आता काही उरलं नव्हतं. साखर गेली, बिस्किटं गेली, झोप गेली, उशी तर केव्हाचीच गेलेली. घाईत जे सुचलं ते सगळा जोर लावून, इंजिनाच्या वर आवाज जावा म्हणून ओरडून बोलले. "देवा, हे एवढं बंद कर, मी जन्मात पुन्हा नवस बोलणार नाही."

बाटलीतलं पेट्रोल त्याच क्षणी संपलं. 'हे एवढं बंद कर' इंजिनानं गिळलं. पुढचं सगळं वाक्य त्या एकाएकी पडलेल्या शांततेत, खणखणीत, घरभर ऐकू गेलं. फाटकाशी भंगारवाल्यानंही वर पाहिलं.

मग सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, हा तुझा पहिला नवस, जो घराला फळला."

जेवणं झाली. साखर घालून चहा झाला. भावजी ह्यांचा जुना सदरा घालून बसले होते आणि दोघे भाऊ टेबलाखाली वाकून बोल्ट बघत होते, लहानपणी कापड धरून उभं राहायचं ते सगळं आता एकदम वसूल करून घेत असल्यासारखे. मी ह्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, गाठीची वाट काढलीत तशी ह्या नवसाची काही काढता येईल का. ह्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"नाही," म्हणाले. "'जन्मात', 'पुन्हा', 'नाही', आणि वर पाच साक्षीदार. इतका पक्का मसुदा मी नोकरीत कधी पाहिला नाही."

हे झालं तेव्हापासून मी नवस बोललेली नाही. पण दुसऱ्याला नवस बोलायची विनंती करायची नाही, असं मी काही म्हटलं नव्हतं. ही वाट माझी मीच शोधली, चष्मा न पुसता. म्हणून तर एवढं लिहिलं.

परिस्थिती अशी आहे. इंजिन खाली गाडीत बसलं, पण गाडी जागची हलत नाही, कारण गिअरबॉक्स. तो आता टेबलावर आहे. ह्या खेपेला भावजीही रोज येतात, त्यामुळे नाकं दोन काळी होतात आणि गाणी दोन ऐकावी लागतात. सासूबाईंनी जाहीर केलंय की गाडी धावली की पहिली फेरी त्यांची. खिडकीतली खुर्ची मी माळ्यावर टाकून दिली आहे.

तेव्हा तुम्ही एवढं करा. जमलं तर आमच्यासाठी एक नवस बोला. मोठा नको. तुमची साखर तुम्हाला लखलाभ, एखाद्या वारी एखादा घास सोडलात तरी चालेल. फक्त गाडी धावू दे म्हणताना ती थांबूही दे, हे म्हणायला विसरू नका. आणि बांधायला त्या कामातलं काहीतरी लागेल, त्याची काळजी करू नका. गिअरबॉक्सच्या झाकणात एक छान चकचकीत छर्रा पडला होता, वाटाण्याएवढा, कशात अडकवायची सोय नसलेला. तो मी तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवला आहे. ह्यांना विचारलंय मी. "घे," म्हणाले.